आपल्याच खांद्यावर चढणारी भिंत

१८९९च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या मिनिॲपोलिस शहराला लागून असलेल्या सेंट लुईस पार्क या वस्तीत एक गोल मनोरा उभा राहू लागला. त्याला खिडकी नव्हती, मजले नव्हते. वीस फूट व्यासाची काँक्रीटची पोकळ नळी, बस्स. बांधणारा चार्ल्स हॅग्लिन हा कंत्राटदार आणि पैसा घालणारा फ्रँक पीव्ही, धान्याचा बडा व्यापारी. लोकांनी मनोऱ्याचं नाव ठेवलं ‘पीव्हीचा वेडेपणा’.

तोवर धान्याची कोठारं बहुतेक लाकडाची असत. फळ्या आडव्या एकमेकींवर रचायच्या, खिळे ठोकायचे आणि त्या उंच पेट्यांत गहू ओतायचा. गव्हाची धूळ हवेत तरंगू लागली की ठिणगी पुरे. कोठारं जळत, विम्याचे हप्ते चढत आणि व्यापाऱ्याच्या नफ्यातला मोठा लचका त्या हप्त्यांत जाई. काँक्रीट जळत नाही हे सगळ्यांनाच कळत होतं. पण एवढ्या उंचीच्या काँक्रीटच्या नळीत गहू भरला तर ती फुटेल, आणि भरताना नाही फुटली तरी गहू खालून काढताना आत पोकळी होऊन भिंती आत ओढल्या जातील, असं जाणकारही म्हणत. पीव्हीने हॅग्लिनला युरोपात पाठवून तिकडची कोठारं पाहायला लावली आणि हा एकच नमुना बांधायला घेतला. ६८ फुटांवर काम थांबवून नळीत गहू भरला. तो हिवाळाभर तसाच ठेवला. १९००च्या वसंतात खालचं दार उघडलं, तेव्हा बघ्यांची गर्दी जमली होती, पण बेतानं लांब उभी होती. गहू वाहून गेला, मनोरा जागचा हलला नाही. मग हॅग्लिनने तो सुमारे १२५ फुटांपर्यंत चढवला. प्रयोग संपल्यावर त्यात पुन्हा धान्य फारसं कुणी भरलं नाही. आज तो केकची भांडी बनवणाऱ्या नॉर्डिक वेअर या कंपनीच्या आवारात, अंगावर त्यांचंच नाव मिरवत उभा आहे.

गहू टिकला की नाही, यातच सगळे गुंतले होते. माझं लक्ष जातं ते भिंतीच्या बाहेर लावलेल्या लाकडी कड्यांकडे. हॅग्लिनने सव्वाशे फूट उंच साचा बांधला नाही. त्याने एकच गोल साचा केला, त्याला पोलादाचा आधार दिला, त्यात काँक्रीट ओतलं, ते घट्ट झाल्यावर तोच साचा वर उचलला आणि खालच्या भिंतीचाच आधार घेऊन पुढचा थर ओतला. भिंत चढण्यासाठी भिंतच वापरली.

यात मोठं काय, असं वाटेल. ज्याने घर बांधून घेतलंय त्याला विचारा. स्लॅबच्या आधी सेंट्रिंगवाल्यांचा जो पसारा पडतो, बल्ल्या, फळ्या, प्लाय, जॅक, खिळ्यांची पोती, त्याचं बिल पाहिलं की कळतं. काँक्रीटच्या ढाच्याच्या खर्चात साच्याचा वाटा एक तृतीयांशापासून अर्ध्यापर्यंत सहज जातो. म्हणजे आपण दोनदा बांधतो. एकदा लाकडात किंवा लोखंडात, मोडून टाकण्यासाठी, आणि एकदा काँक्रीटमध्ये, राहण्यासाठी. तोच साचा पुन्हा पुन्हा वर नेता आला तर पहिलं बांधकाम जवळजवळ नाहीसं होतं.

हॅग्लिनचा साचा थांबत थांबत चढला: भरा, सुकू द्या, सोडा, उचला, पुन्हा आवळा. त्यानंतरच्या काही वर्षांत शिकागोच्या मॅकडॉनल्ड इंजिनिअरिंग कंपनीचे जेम्स मॅकडॉनल्ड आणि त्यांच्यासारख्या कोठार बांधणाऱ्यांनी पुढचं पाऊल टाकलं. साचा सोडायचाच नाही. भिंतीला चिकटलेला असतानाच तो सावकाश वर सरकवत राहायचा. वरून ओलं काँक्रीट आत पडतंय, खालून घट्ट झालेली भिंत बाहेर पडतेय, आणि या दोहोंच्या मध्ये जेमतेम चार फुटांचा साचा आहे. यालाच स्लिपफॉर्म म्हणतात. आपल्या साइटवरही हाच शब्द चालतो.

हे चार फूट नीट पाहण्यासारखे आहेत, कारण सगळी गंमत आणि सगळा धोका त्यांतच आहे. आतली आणि बाहेरची फळी, दोन्ही वर किंचित जवळ आणि खाली किंचित लांब असतात, फरक काही मिलिमीटरांचा, म्हणजे साचा वर जाताना भिंतीला घासत नाही. दोन्ही फळ्या वरून उलट्या ‘यू’च्या आकाराच्या चौकटीने धरलेल्या असतात. तिला योक म्हणतात. योकवर जॅक बसवलेला, आणि जॅकच्या पोटातून एक जाड सळई खाली भिंतीत गेलेली. जॅकला दोन जबडे असतात. वरचा सळई पकडतो तेव्हा खालचा सोडतो, खालचा पकडतो तेव्हा वरचा सरकतो, माडावर चढणारा पाडेली हात आणि पाय आळीपाळीने घट्ट करत वर जातो तसा. एका दाबात जॅक इंचभर चढतो, कधी त्याहूनही कमी. सळईचा भार पेलते ती काही तासांपूर्वी ओतलेली भिंत. वरच्या फलाटावर काँक्रीट येतं, सळया बांधल्या जातात, व्हायब्रेटर फिरतात. खाली लोंबकळणाऱ्या परांचीवर माणसं उभी राहून नुकत्याच उघड्या पडलेल्या, अजून नखाने ओरखडा उठेल अशा भिंतीवर थापी फिरवतात. भिंतीला खालपासून वरपर्यंत एकही आडवा सांधा राहत नाही.

साधारण वेग तासाला १५ ते ३० सेंटिमीटर. तो ठरवतं काँक्रीट. साच्याच्या वरच्या कडेला पडलेला माल खालच्या कडेला पोचेपर्यंत त्याला चार ते आठ तास मिळतात, आणि तेवढ्यात त्याने स्वतःचं वजन पेलायला शिकलं पाहिजे. लवकर बाहेर आला तर ढासळतो. उशिरा आला तर साच्याला धरून बसतो, आणि साचा वर जाताना भिंतीचा तुकडा सोबत उचलतो. आडवी चीर जाते. म्हणून अनुभवी माणूस मधूनमधून एक सळई साच्यातल्या मालात खुपसून पाहतो. ती जिथे अडते तिथून खाली भिंत, वर माल. दुपारच्या उन्हात ती रेघ वर चढते, पहाटेच्या गारव्यात खाली उतरते. थंडीत गरम पाणी वापरायचं, उन्हाळ्यात खडीवर पाणी मारायचं किंवा माल उशिरा आळेल असं रसायन घालायचं. एरवी बांधकामात माणूस काँक्रीटची वाट पाहतो. इथे काँक्रीट माणसाची वाट पाहत नाही. एकदा सुरू झालं की दिवसपाळी, रात्रपाळी, जेवणाची सुटी आळीपाळीने.

माझ्या मते या तंत्राने बांधकामात आणलेला खरा बदल हा आहे. साचा वाचला, लाकूड वाचलं, सांधे गेले, हे सगळं हिशेबाचं. पण भिंत ही दिवसांनी मोजायची गोष्ट होती, ती तासांनी मोजायची गोष्ट झाली. तिच्यासोबत माणसाचा दिवसही तासांत कापला गेला.

बफेलो शहरात हे पाहायला मिळालं. ईरी सरोवराच्या टोकाला असलेल्या या बंदरात पश्चिमेकडचा गहू जहाजांतून उतरून पुढे कालव्याने नाहीतर रेल्वेने पूर्वेला जायचा. जोसेफ डार्ट या व्यापाऱ्याने १८४२मध्ये इथेच वाफेवर चालणारं पहिलं धान्य-उचल कोठार उभं केलं होतं. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत लाकडी कोठारांच्या जागी नदीकाठाने काँक्रीटच्या नळ्यांच्या रांगाच्या रांगा उठल्या. १९१५ ते १९१७मध्ये बांधलेलं ‘काँक्रीट सेंट्रल’ त्यांतलं एक अजस्र कोठार, पाव मैल लांब. तेव्हा जॅक तेलाच्या दाबावर चालत नव्हते. ते हाताने फिरवायचे स्क्रू होते. फलाटावर ठरावीक अंतराने माणसं उभी केलेली असायची, शिट्टी वाजली की प्रत्येकाने आपल्या वाट्याच्या स्क्रूंना ठरलेला पेच द्यायचा. एकाने कमी दिला, दुसऱ्याने जास्त दिला, की फलाट तिरका. मग पाणसळ लावून कुठला कोपरा वर गेला ते बघायचं. शेकडो फूट लांबीचा लाकडी फलाट, त्यावरचं लोखंड, माल आणि माणसं, हे सगळं पेचापेचाने आकाशाकडे जात होतं, रात्री दिव्यांच्या उजेडात.

अशा कोठारांचे फोटो युरोपात गेले. वास्तुविशारद वॉल्टर ग्रोपियसने १९१३मध्ये जर्मन वेर्कबुंड या संघटनेच्या वार्षिकात अमेरिकन कोठारांचे फोटो छापले. ल कॉर्ब्युझिये या वास्तुविशारदाने ते उचलले आणि १९२३च्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात नव्या वास्तुकलेचा पुरावा म्हणून मांडले. मांडताना काही फोटोंतली जुन्या वळणाची शिखरं खरवडून टाकायला त्याने मागेपुढे पाहिलं नाही. पुढे हाच माणूस आपल्याकडे चंडीगड उभारायला आला. शुद्ध आकार, शुद्ध दंडगोल, प्रकाशातली घनरूपं, हे सगळं त्याला त्या नळ्यांत दिसलं. शिट्टीवर पेच फिरवणारा माणूस फोटोत नव्हता, म्हणून त्याच्या सिद्धांतातही नाही. बफेलोत शिकवायला आलेला इंग्रज समीक्षक रेनर बॅनहॅम मात्र १९७०च्या दशकाच्या अखेरीस त्या ओसाड कोठारांत स्वतः शिरला, चढला, धूळ खाल्ली आणि मग १९८६मध्ये ‘अ काँक्रीट अटलांटिस’ लिहिलं. कोठारांवरचं पुस्तक असंच लिहावं, कपडे खराब करून.

दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास स्वीडनमध्ये तेलाच्या दाबावर चालणारे जॅक आले. एका पंपाने सगळे जॅक एकदम उचलायचे. शिट्टी गेली. साचा धान्याच्या नळ्यांतून बाहेर पडला आणि पुलांच्या खांबांकडे, समुद्रातल्या तेल-फलाटांकडे, चिमण्यांकडे, उंच इमारतींच्या लिफ्टच्या गाभ्याकडे गेला. कॅनडातल्या सडबरी गावात निकेलच्या भट्टीसाठी ३८१ मीटरची चिमणी अशीच चढवली. काम संपत आलं असताना, २० ऑगस्ट १९७०ला तिथे टॉर्नेडोचा तडाखा बसला. त्या क्षणी टोकावर सहा कामगार होते. गावात माणसं मेली, टोकावरचे सहाही वाचले.

टोरोंटोचा सीएन टॉवर तीन वर्षांनी सुरू झाला. ५५३ मीटरच्या या मनोऱ्याचा काँक्रीटचा खांब सरकत्या साच्यातून २२ फेब्रुवारी १९७४ला पूर्ण झाला. दिवसाला सुमारे सहा मीटर. सगळं काँक्रीट, ४०,५०० घनमीटर, जागेवरच कालवलं, कारण एका गाडीचा माल जरा वेगळा आळला तर साच्याचा सगळा ताल बिघडतो. साच्यावरून प्रचंड ओळंबे खाली सोडले होते आणि जमिनीवरून छोट्या दुर्बिणींनी ते पाहिले जात. पूर्ण उंचीत मनोरा ओळंब्यातून फक्त २९ मिलिमीटर हलला. पण मला त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती वेगळीच: ओतकाम सोमवार ते शुक्रवार चालायचं. शनिवार-रविवार बंद. म्हणजे न थांबणारा साचा थांबवताही येतो. त्यासाठी तयारी लागते. थांबायचं ठरल्यावरही काही तास साचा थोडाथोडा उचलत राहावा लागतो, मालाने त्याला धरू नये म्हणून, आणि सोमवारी सांध्याची जागा खरवडून, धुऊन मगच नवा माल. हे कटकटीचं आहे. त्यांनी ती कटकट केली.

ज्यांनी केली नाही त्यांचीही गोष्ट आहे, आणि ती सांगायलाच हवी. वेस्ट व्हर्जिनियात ओहायो नदीकाठी विलो आयलंड इथे वीजकेंद्राचा शीतक मनोरा चढत होता. ही पद्धत सरकत्या साच्याची नव्हती, उड्या घेत जाणाऱ्या साच्याची होती: रोज एक थर, आणि दुसऱ्या दिवशी परांची व साचा त्याच थराला बोल्टने आवळायचे. २७ एप्रिल १९७८च्या सकाळी मनोरा १६६ फुटांवर होता. काँक्रीटची बादली वर येत असताना आदल्या दिवसाचा थर फुटला आणि सगळी परांची मनोऱ्याच्या कडेने सोलल्यासारखी सुटत गेली. वर असलेले सगळे ५१ कामगार मेले. एकाच कुटुंबातले त्यांत अकरा होते. चौकशीत निघालं की एका दिवसाच्या काँक्रीटमध्ये तो भार पेलण्याची ताकद आलीच नव्हती. रात्री गारठा होता. गारठ्यात काँक्रीट सावकाश पिकतं, कामाचं वेळापत्रक मात्र गारठा बघत नाही. नमुना दाबून ताकद तपासायची आणि मगच वरचा भार द्यायचा, एवढ्या एका पायरीला फाटा दिला होता. भिंत आपल्याच खांद्यावर चढते खरी, पण तो खांदा कालचा असतो.

आपल्याकडे हे तंत्र डोळ्यांसमोर असून दिसत नाही. देशातल्या पर्यावरणाच्या नियमाने ५०० मेगावॅट आणि त्याहून मोठ्या कोळशाच्या संचांसाठी चिमणीची किमान उंची २७५ मीटर ठरवली, २०० ते ५०० मेगावॅटपर्यंतच्या संचांना २२०. डहाणूच्या चिकूच्या पट्ट्यात उभी असलेली चिमणी २७५ मीटरची आहे. एवढ्या उंच चिमण्यांचं काँक्रीटचं कवच आता बहुधा सरकत्या साच्यातच ओततात. त्यात आणखी एक कसरत असते. चिमणी वर निमुळती होते आणि भिंत पातळ होत जाते, म्हणून साच्याचे पत्रे एकमेकांवर सरकवत, पेच आवळत घेर कमी करत जावं लागतं. दिवसाला तीन मीटर धरले तर २७५ मीटरला तीन महिने, तेही पाऊस, वारा आणि सिमेंटच्या गाड्या यांनी साथ दिली तर. मुंबई-पुण्याच्या इमारतींत मात्र या साच्याला फारशी जागा मिळाली नाही. तिथे भिंत आणि स्लॅब एकदम ओतणाऱ्या ॲल्युमिनियमच्या ‘मायवान’ने बाजार काबीज केला.

आणि जो साचा उभा चढला नाही तो आडवा पळाला. १९४९च्या सुमारास आयोवा राज्यातल्या रस्ते विभागाने सरकता साचा जमिनीवर आडवा चालवून रस्ता केला. यंत्र पुढे जातं, मागे आपल्या कडांवर उभा राहणारा काँक्रीटचा पट्टा सोडत जातं. बाजूला फळी नाही, काही नाही. २००२मध्ये पूर्ण झालेला मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग अशाच यंत्रांनी अंथरला. खोपोलीच्या घाटात अडकून पडलेल्या कुणालाही सांगा की तू ज्यावर उभा आहेस तो मिनिॲपोलिसच्या गव्हाच्या नळीचा वंशज आहे, तो तुझ्याकडे संशयाने पाहील.

आता या चढत्या साच्याची दुसरी शाखा. हिच्यात ना जॅक, ना रात्रपाळी. मला हीच अधिक आवडते, हे आधीच कबूल करतो.

अर्नेस्ट फ्लॅग हा न्यूयॉर्कचा नामांकित वास्तुविशारद. १९०८मध्ये पूर्ण झालेली त्याची सिंगर बिल्डिंग, शिलाई यंत्रांच्या कंपनीची, काही काळ जगातली सर्वांत उंच इमारत होती. १९६८मध्ये ती पाडली. हा गगनचुंबीवाला माणूस स्टेटन आयलंडवरच्या आपल्या जमिनीत छोटी दगडी घरं कशी स्वस्तात बांधता येतील याच्या मागे लागला आणि १९२२मध्ये त्याने त्यावर एक जाडजूड पुस्तकच काढलं. त्याचा हिशेब सरळ होता. अमेरिकेत दगड फुकट आहे, शेतातून वेचून फेकावा लागतो. महाग आहे तो गवंडी. तेव्हा गवंड्याचं कौशल्य साच्यात घालावं. पायातून उभे वासे काढायचे, त्यांना आडव्या फळ्या लावायच्या. दगडाची बरी बाजू बाहेरच्या फळीला टेकवून रचायचा, मागच्या पोकळीत काँक्रीट ओतायचं. फळी काढली की बाहेरून दगडी भिंत, आतून काँक्रीट. दगड घडवायला नको, ओळंबा पदोपदी लावायला नको. फळी सरळ असली की भिंत सरळ.

फ्लॅगला या पद्धतीचे खरे शिष्य मिळाले ते घर-बांधणीच्या धंद्यातले नव्हतेच. स्कॉट निअरिंग हे अर्थशास्त्राचे प्राध्यापक. बालमजुरीविरुद्ध बोलले म्हणून १९१५मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने काढलं. पुढे महायुद्धाविरुद्ध पत्रक लिहिलं म्हणून खटला झाला. त्यात लेखक निर्दोष सुटला आणि प्रकाशक संस्थेला दंड झाला, असा अजब निकाल लागला. त्यांची सहचरी हेलन, व्हायोलिन वाजवणारी, तरुणपणी जे. कृष्णमूर्तींच्या जवळच्या वर्तुळात वावरलेली. १९३२च्या मंदीत दोघांनी व्हरमाँटच्या डोंगरात एक पडीक शेत घेतलं, थोडे पैसे रोख, बाकी कर्ज. मेपलचा पाक काढून गुजराण, भाजीपाला घरचा, आणि राहायला लागणारी प्रत्येक इमारत दगडाची, फ्लॅगच्या रीतीने, स्वतःच्या हातांनी.

त्यांनी फ्लॅगचे जमिनीतून निघणारे वासे काढून टाकले आणि साचा हलका केला. दीडेक फूट उंचीच्या, वेगवेगळ्या लांबीच्या फळ्यांच्या चौकटी. दोन माणसांना उचलता येतील अशा. आतली आणि बाहेरची चौकट समोरासमोर उभी करायची, मध्ये भिंतीच्या जाडीएवढे लाकडाचे तुकडे, आणि आरपार तार ओवून पिळायची म्हणजे काँक्रीटच्या भाराने त्या फाकत नाहीत. दगड आधीच वेगवेगळ्या ढिगांत लावलेले: कोनाचे, सपाट तोंडाचे, जमिनीचे, आणि ज्यांचं तोंड कुणी पाहू नये असे पोटात भरायचे. एक फेर भरला की त्यावर चौकटींचा दुसरा फेर बसवायचा. दुसरा भरून आळला की खालच्या चौकटी सोडवून त्याच वर न्यायच्या. चौकटींचे दोन संच असले की घर कितीही उंच जाऊ शकतं. फळी काढल्या काढल्या, काँक्रीट हिरवं असतानाच, दगडांमधल्या दरजा भरून घ्यायच्या. काँक्रीट हाताने कालवलेलं, वाळू-खडी जवळपासची.

ही तीच पद्धत आहे: तेवढाच साचा, भिंतीवर भिंत. पण इथे घड्याळ माणसाच्या हातात आहे. पाऊस आला, थांबा. पाहुणे आले, थांबा. थर तिथेच राहील. निअरिंग दांपत्याचा नियम होता की पोटासाठीचे कष्ट दिवसाला चार तास, मग चार तास वाचन, लेखन, संगीत. घराला वर्षं लागली तर लागली. वीस वर्षांत त्यांनी व्हरमाँटमध्ये बऱ्याच लहानमोठ्या दगडी इमारती उभ्या केल्या. शेजारी बर्फावरच्या घसरगुंडीचा पर्यटन-व्यवसाय येऊ लागला तशी त्यांनी १९५२मध्ये ते सगळं सोडलं आणि मेन राज्याच्या समुद्रकाठी नव्याने सुरुवात केली. १९५४मध्ये दोघांचं ‘लिव्हिंग द गुड लाइफ’ निघालं. १९७०मध्ये ते पुन्हा छापलं गेलं तेव्हा शहर सोडून निघालेल्या तरुणांच्या एका पिढीने ते डोक्यावर घेतलं आणि चौकटी ठोकायला घेतल्या. बहुतेकांच्या भिंती अर्धवट राहिल्या असाव्यात असा माझा अंदाज. दगड वाहणं ही पुस्तकात सोपी गोष्ट असते.

त्यांच्यावर टीकाही झाली आणि ती अगदीच खोटी नाही. मेनमध्ये शेजारी राहिलेल्या एका लेखिकेने पुढे लिहिलं की या साधेपणाच्या मागे वारशाच्या पैशांचा आधार होता. चार तास काम करून चार तास वाचायचं ज्याला परवडतं त्याचंच घड्याळ त्याच्या हातात असतं. बफेलोच्या फलाटावरच्या माणसाला हा पर्याय कुणी विचारला नव्हता. पण म्हणून भिंत खोटी ठरत नाही. मेनमधलं शेवटचं दगडी घर त्यांनी १९७०च्या दशकात बांधलं. तेव्हा स्कॉट नव्वदीच्या पुढे होते आणि दगड बसवायचं मुख्य काम सत्तरी गाठलेल्या हेलनने केलं. १९८३च्या ऑगस्टमध्ये, वयाची शंभरी पूर्ण झाल्यावर काही दिवसांनी, स्कॉट अन्न थांबवून गेले. घर आता ‘गुड लाइफ सेंटर’ म्हणून लोकांसाठी खुलं आहे. एवढं मात्र खरं की दगड-काँक्रीटची भरीव भिंत मेनच्या थंडीत बर्फासारखी गार पडते. आतून लाकूड आणि उबेचा थर दिल्याशिवाय तिथे सुख नाही. पुढे याच रीतीने बांधणाऱ्यांनी भिंतीत सळया आणि फोमचा थर घातला, तो उगाच नव्हे.

हे सगळं वाचताना दख्खनच्या माणसाला राहून राहून वाटतं की काळा दगड आपल्याकडे काय कमी आहे? जमीन उकरली की डबर. मग आपण का नाही?

इथे मला किल्लारी आठवते. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटेच्या भूकंपात लातूर-धाराशिवच्या गावांत हजारो माणसं मेली ती बहुतांशी आपल्याच भिंतींखाली. दोन-अडीच फूट, कधी त्याहून जाड दगडी भिंती, मातीच्या चिखलात बसवलेल्या, वर माळवदाचा मातीचा भार. भिंत दिसायला एक, पण प्रत्यक्षात दोन: बाहेरची दगडांची ओळ वेगळी, आतली वेगळी, मध्ये बारीक डबर आणि माती. दोन्ही ओळी बांधून ठेवणारे, भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड नव्हते. हादऱ्याने आतली ओळ आत पडली, बाहेरची बाहेर, आणि माळवद खाली बसलं. नंतर उरलेल्या घरांच्या मजबुतीसाठी सांगितलेल्या उपायांत एक हाच होता की भिंतीला आरपार भोक पाडा, त्यात सळई घाला, काँक्रीट भरा. भिंतीच्या दोन पदरांना टाका घाला.

फ्लॅगची भिंत या बाबतीत वरचढ आहे. तिच्यात दगडाची शेपटी काँक्रीटमध्ये रुतलेली असते, पदर दोन राहत नाहीत. सुरुंगाने फुटलेला, धारदार कडांचा बेसॉल्ट काँक्रीटला चांगला धरतो. नदीतला गुळगुळीत गोटा तितका नाही. पण निअरिंग यांची भिंत जशीच्या तशी मराठवाड्यात आणू नये. त्यांच्या डोंगरात अशा भूकंपाची धास्ती नव्हती. आपल्याकडे उभ्या आणि आडव्या सळया, खिडकीच्या वरून घरभर फिरणारा काँक्रीटचा पट्टा आणि अभियंत्याचा हिशेब, याशिवाय ही भिंत माणसांच्या डोक्यावर उभी करू नये.

आणि फ्लॅगचा हिशेब इथे उलटा पडतो हेही लक्षात ठेवायला हवं. त्याच्याकडे लाकूड स्वस्त आणि गवंडी महाग होता. आपल्याकडे फळी महाग आहे. आणि दगडाला छिन्नीच्या चार टोल्यांत तोंड देणारे वडार कारागीर अजून गावोगाव आहेत, त्यांना काम मात्र मिळत नाही. साच्याने त्यांची गरज संपवायची की त्यांच्या हाताला साचा द्यायचा, हे बांधून घेणाऱ्याने ठरवायचं. माझ्या मते दुसरं स्वस्तही पडेल आणि भिंतही देखणी होईल. ज्याला करून पाहायचंय त्याने घराला हात घालण्याआधी शेताच्या कडेची कमरेएवढी भिंत घ्यावी. दीड फुटाच्या दोन जोड चौकटी, तार, पक्कड, काही सळया, आणि दगडांचे चार ढीग पुरेत. पहिला फेर सकाळी भरावा आणि फळ्या दुसऱ्या दिवशी काढाव्यात, थंडीचे दिवस असतील तर तिसऱ्या.